संशयाचा उंबरठा

गेल्या वैशाखांत वाईस एका आप्तांच्या घरचें लग्न होतें. हल्लीं पंगत दुर्मिळ झाली आहे. हातांत ताट घेऊन उभ्यानें जेवावयाचें आणि कोपरानें शेजाऱ्याची आमटी सांभाळावयाची, ही नवी रीत मला अद्याप साधलेली नाहीं. म्हणून तेथें पाट आणि केळीचीं पानें मांडलेलीं पाहून मला मनापासून संतोष झाला. माझ्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. वरणभात होऊन जिलबी येईपर्यंत शेजाऱ्यानें शेजाऱ्याची चौकशी करावी, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार. त्यांनीं विचारलें, "आपण काय करतां?" मी म्हणालों, "विमा कंपनींत असतों." हें ऐकतांच त्या सद्गृहस्थांनीं आपला पाट, कळेल न कळेल इतका, पलीकडे सरकविला!

मला त्यांचा राग आला नाहीं. विमा एजंट दिसतांच रस्ता ओलांडणाऱ्या माणसांवर आपल्या विनोदी लेखकांनीं पिढ्यान् पिढ्या पोट भरलें आहे. आणि माझे वडील स्वतः विम्याचे एजंट असल्यामुळें तो विनोद ऐकतच मी लहानाचा मोठा झालों. "मी विमा विकीत नाहीं," मीं घाईनें खुलासा केला, "मी तेथें सीनियर डेटा सायंटिस्ट आहे." पाट जागेवर परत आला. परंतु लागलीच दुसरा प्रश्न आला, "म्हणजे नेमकें काय करतां?" जिलबी आली, मठ्ठा आला, शेवटीं विडाहि आला, तरी या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मला देतां आलें नाहीं. तें देण्याचा प्रयत्न आज येथें करीत आहे. निदान येथें मध्यें वाढपी येणार नाहींत.

आयुर्विम्याच्या कंपनीकडे वर्षानुवर्षांच्या दाव्यांच्या नोंदी असतात. विमेदाराचें वय, विम्याची रक्कम, हप्ता, पॉलिसी घेतल्यापासून मृत्यूपर्यंत गेलेले महिने, शाखा, जोडलेलीं कागदपत्रें, असे शेंपन्नास रकाने प्रत्येक नोंदीला असतात. या नोंदी संगणकास दाखवून आम्ही एक प्रतिमान तयार करतों. त्याच्या पोटांत शेंकडों लहान लहान निर्णयवृक्ष असतात. पहिला वृक्ष दोनचार प्रश्न विचारून एक अंदाज बांधतो. त्याचें जेथें चुकतें तेथें दुसरा थोडी दुरुस्ती करतो. दुसऱ्याकडून जें राहून जातें त्याकडे तिसरा लक्ष देतो. अशी ही शेंकडों अल्पमतींची सभा भरली, म्हणजे नव्यानें आलेल्या दाव्याला शून्य आणि एक यांच्या दरम्यानचा एक आंकडा मिळतो. हा संशयाचा आंकडा. तो जितका एकाच्या जवळ, तितका दावा खोटा असण्याचा संभव अधिक, असें समजावयाचें.

हा संशय केवळ कंपनीच्या कृपणपणांतून येतो, असें वाचकांनीं मानूं नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नांवें धडधाकट म्हणून विमा उतरविणारे लोक आहेत; आधींच मेलेल्या माणसास कागदावर पुन्हां मारणारेहि आहेत. त्यांना जाणारा प्रत्येक रुपया हा प्रामाणिक विमेदारांनीं जमविलेल्या निधींतूनच जातो. म्हणून १९३८ च्या विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानें कंपनीला चौकशीची मुभा दिली आहे, आणि त्याच कलमानें तिला सीमाहि घातली आहे. २०१५ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षें पूर्ण झालीं, कीं तिच्या खरेपणाविषयीं कोणत्याहि कारणावरून शंका काढतां येत नाहीं. जें काय विचारावयाचें तें त्या तीन वर्षांच्या आंत.

आतां 'सीनियर' या उपपदाविषयीं. माझ्या हाताखालील तरुण मंडळी प्रतिमान माझ्यापेक्षां चांगलें बनवितात, आणि वेगानेंहि बनवितात. मग मला पगार कशाचा मिळतो? मला तो मुख्यतः एका गोष्टीचा मिळतो. संशयाचा आंकडा किती झाला म्हणजे दावा बाजूस काढून चौकशीला पाठवावयाचा, ही रेघ मला ओढावी लागते. इंग्रजींतल्या त्या शब्दाला मराठींत उंबरठा म्हणतां येईल. मला तर मराठी शब्दच अधिक खरा वाटतो, कारण त्याच्या अलीकडच्याचें आणि पलीकडच्याचें भाग्य एक नसतें. यंत्र आंकडा देतें. उंबरठा देत नाहीं. तो कोणीतरी माणूस ठरवितो, आणि आमच्या कंपनींत तो माणूस मी आहे.

या उंबरठ्याची किंमत एका काल्पनिक उदाहरणानें सांगतों. समजा, दहा हजार दावे आले आणि त्यांपैकीं दोनशें खोटे आहेत. समजा, आमचें प्रतिमान इतकें चांगलें आहे, कीं खोट्यांपैकीं शेंकडा ऐशीं तें पकडतें, आणि खऱ्यांपैकीं शेंकडा पांचांवरच चुकून बोट ठेवतें. कोणीहि अशा यंत्राची पाठ थोपटील. पण हिशेब करून पाहावा. खोटे पकडले गेले एकशें साठ. खऱ्या नऊ हजार आठशें दाव्यांचे शेंकडा पांच म्हणजे चारशें नव्वद. एकूण साडेसहाशें दावे उंबरठ्यावर अडले, आणि त्यांपैकीं चारशें नव्वद माणसें निरपराध! चांगल्या यंत्रानें अडविलेल्या चौघांपैकीं तिघे खरे. उंबरठा उंच करावा तर खोटे निसटतात. खाली आणावा तर खऱ्यांची रांग लांबते. ही रांग किती लांब असावी हें सांगणारें गणित मला अद्याप सांपडलेलें नाहीं.

२०१९ सालीं एका गुरुवारीं दुपारीं मीं हा उंबरठा दशांश सहावर ठेवला. चहा झाला होता, बैठकीला पंचवीस मिनिटें लागलीं, आणि सर्वांचें एकमत झालें. एवढें मला स्वच्छ आठवतें, कारण पुढें पुष्कळ महिन्यांनीं ती दुपार मला पुन्हां पुन्हां आठवावी लागली.

त्या सुमारास चौकशी पूर्ण होऊन निकालांत निघालेल्या दाव्यांचे कागद चाळतांना एक पत्र माझ्या हातीं आलें. वहीच्या आंखीव पानावर, निळ्या शाईनें, शाळकरी मुलाच्या अक्षरांत तें लिहिलेलें होतें. मजकूर आईचा, हात मुलाचा. नवऱ्याचा मृत्यू पॉलिसी घेतल्यानंतर चौदाव्या महिन्यांत, राहत्या घरीं झाला होता. त्या वेळीं लागू असलेल्या २०१७ च्या नियमांप्रमाणें, चौकशीची जरूर नसेल तर सर्व कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावयाचे. जरूर असेल तर चौकशीला नव्वद दिवस आणि त्यापुढें पैसे देण्यास तीस. माझ्या दशांश सहाचा खरा अर्थ हा होता: एका बाजूस तीस दिवस, दुसऱ्या बाजूस एकशें वीस. या दाव्याला आंकडा मिळाला होता दशांश सात एक. चौकशी झाली, कांहीं निघालें नाहीं, आणि एकशें तेराव्या दिवशीं पैसे मिळाले. नियम कोठेंहि मोडला नव्हता.

पत्र मात्र पंचाहत्तराव्या दिवसाचें होतें. त्यांत पैशांची मागणी नव्हती, तक्रारहि नव्हती. चौकशीला आलेल्या माणसानें गांवांत चार घरीं प्रश्न विचारले, तेव्हांपासून लोक तिच्याकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागले, असें तिनें लिहिलें होतें. आणि शेवटीं एक विनंती होती, कीं आपल्या मालकांच्या मरणांत साहेबांना काय संशयास्पद वाटलें तें कळवावें, म्हणजे आपण गांवाला सांगूं.

कोणता साहेब? ज्याला कांहीं वाटलें असेल असा साहेबच नव्हता! यंत्राला कांहीं वाटत नाहीं. आणि मला वाटावें, तर तो दावा मीं कधीं पाहिलाच नव्हता. तरी तिच्या प्रश्नाचें उत्तर शोधावें म्हणून मीं तो आंकडा उकलून पाहिला. प्रतिमानाच्या कोणत्या रकान्यानें आंकडा किती वर ढकलला, हें काढण्याच्या रीती आहेत. त्या लावल्यावर तीन कारणें हातीं आलीं. पहिलें, अवघे चौदा महिने. दुसरें, शाखा. तिसरें आणि सर्वांत मोठें, इस्पितळाचे कागद नाहींत. ज्या गांवाहून इस्पितळ गांठण्यास अर्धा दिवस लागतो, तेथें रात्रीं छातींत कळ येऊन गेलेल्या माणसाचे कागद कोठून येणार? कागदांची गरिबी आमच्या यंत्रानें अपराधाच्या खातीं मांडली होती.

पण यंत्र हें शिकलें कोठून? हा शोध लावण्यास मला तीन आठवडे लागले, आणि उत्तर इतकें साधें निघालें, कीं मला स्वतःची लाज वाटली. आम्ही यंत्राला शिकविण्यासाठीं जुने दावे दिले होते. प्रत्येकापुढें 'खोटा' किंवा 'खरा' असा शेरा होता. परंतु तो शेरा आला कसा? पूर्वीच्या अधिकाऱ्यांनीं ज्यांची चौकशी केली त्यांतलेच कांहीं खोटे ठरले. ज्यांची चौकशीच केली नाहीं, ते सर्व आपोआप खरे ठरले. आणि चौकशी कोणाची करावयाची, तें अधिकारी आपल्या अनुभवानें ठरवीत. त्या अनुभवाला कांहीं शाखा आधींपासूनच नकोशा होत्या. ज्याच्या घराची झडती घेतली त्याच्याच घरीं चोरीचा माल सांपडणार. ज्याच्या घरीं कोणी गेलेंच नाहीं तो साव. आमचें यंत्र खोटेपणा ओळखण्यास शिकलें, असें आम्ही समजत होतों. वस्तुतः तें जुन्या अधिकाऱ्यांचा संशय ओळखण्यास शिकलें होतें, आणि विद्यार्थी हुशार असल्यामुळें तो संशय त्यानें त्यांच्यापेक्षांहि नेटकेपणानें गिरविला.

त्या दिवाळींत मी वाईच्या घरीं गेलों. वडील जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. त्यांच्या डायऱ्या आईनें जपून ठेवल्या आहेत. या डायऱ्यांचा मला मोठा अभिमान होता. वडील सायकलवरून गांवोगांव फिरत. प्रत्येक प्रस्तावाबरोबर एजंटाला एक गोपनीय अहवाल भरून द्यावा लागे: इसमास किती वर्षें ओळखतां, प्रकृति कशी दिसते, मिळकत काय, राहणी कशी. वडील तो अहवाल ओसरीवर बसून, त्या घरचा चहा पिऊन मग लिहीत. त्या पत्रानंतर मीं मनाशीं असा निष्कर्ष काढला होता, कीं माणसाला पाहणारा माणूस गेला आणि त्याच्या जागीं रकाने आले, येथेंच सारें बिघडलें. लिहिण्याला हा विचार फार सोयीचा आहे. आणि डायऱ्या उघडल्या नसत्या, तर मीं तो येथें लिहिलाहि असता.

मीं बावीस वर्षांच्या डायऱ्या पाहिल्या. गांवांचीं नांवें, आळ्यांचीं नांवें, पेठांचीं नांवें. कांहीं गांवांच्या गांवकुसाबाहेरील वस्त्या मला ठाऊक होत्या. माझे वर्गमित्र तेथले होते. त्यांच्यापैकीं एकाहि घराचें नांव बावीस वर्षांत कोठें आढळलें नाहीं. मीं आईला विचारलें. ती करंज्यांचें सारण भरीत होती. म्हणाली, "अरे, तिकडचे हप्ते थकतात, असं सगळेच एजंट म्हणायचे."

"पण थकतात हें पाहिलें होतें कोणी?"

"कुणी गेलंच नाहीं, तर पाहणार कोण?" एवढें बोलून ती पुढच्या करंजीकडे वळली.

माझ्या तीन आठवड्यांच्या शोधाचें सार आईनें एका वाक्यांत सांगितलें होतें. वडील दुष्ट नव्हते. ते मायाळू होते, आणि ज्यांच्या ओसरीवर बसले त्यांच्याशीं आयुष्यभर प्रामाणिक राहिले. परंतु कोणत्या ओसरीवर बसावयाचें याचा उंबरठा त्यांच्याहि मनांत होता, आणि तो कोणी कोठें लिहून ठेवलेला नव्हता. त्या वस्त्यांतून विमे उतरले नाहींत, म्हणून त्यांच्या नोंदी झाल्या नाहींत. नोंदी नाहींत म्हणून पुढें जे थोडे आले ते अपरिचित ठरले. आणि अपरिचित म्हणून संशयित. दशांश सात एक या आंकड्यामध्यें माझ्या वडिलांच्या पिढीची सायकल न वळलेलें एक वळण आहे, हें मला त्या संध्याकाळीं कळलें.

विम्याच्या इतिहासाशीं परिचय असलेल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाहीं. लंडनच्या मृत्यूंच्या याद्या घेऊन जॉन ग्राँटनें १६६२ सालीं आपलें पुस्तक लिहिलें. ब्रेस्लौ शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एडमंड हॅलेनें १६९३ मध्यें आयुर्मानाचें कोष्टक मांडलें. आणि वयाप्रमाणें शास्त्रीय रीतीनें हप्ता आकारणारी इक्विटेबल ही संस्था १७६२ सालीं लंडनांत निघाली. नोंद झालेल्या माणसाच्या मरणाची किंमत अशी बेतानें ठरूं लागली. परंतु हिंदुस्थानांत विलायती पद्धतीचा विमा आला, तेव्हां येथल्या माणसाच्या आयुर्मानाचीं कोष्टकें नव्हतीं. म्हणून हिंदी माणसाचा विमा एकतर नाकारला जाई, नाहींतर त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसाला धोकादायक समजणें, ही या धंद्याची फार जुनी खोड आहे. मुंबईंत १८७० सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीनें हिंदी माणसाचा विमा सामान्य दरानें उतरविण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें ती रीत मोडूं लागली. त्या जादा हप्त्याविषयीं वाचतांना मला नेहमी स्वाभिमानानें चीड येत असे. आतां ती चीड माझ्याच टेबलावर येऊन बसली.

नंतर आम्हीं काय केलें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम शाखेचा रकाना काढून टाकला. त्यानें फारसें साधलें नाहीं, कारण शाखेची सावली इतर रकान्यांत पडलेली असते: हप्त्याची रक्कम, इस्पितळाचें अंतर, अर्जाची भाषा, हीं सारीं मिळून काढून टाकलेलें गांव पुन्हां सांगतात. मग 'कागद नाहींत' या नोंदीचे दोन भाग केले: मिळणें शक्य असून नाहींत, आणि मिळणें शक्यच नव्हतें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दर महिन्यास कांहीं दावे केवळ चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे, आंकडा कांहींहि असो. त्यांचे पैसे न अडवितां आधीं चुकते करावयाचे, आणि मग शांतपणें त्यांची तपासणी करावयाची. ज्या घरीं कोणी जात नव्हतें तेथें जाण्याची, आणि ज्यांच्यावर कधीं संशय आला नाहीं त्यांचेहि कागद उघडण्याची, ही एकच प्रामाणिक वाट मला दिसली. यांत थोडे पैसे बुडतात. त्याचा हिशेब मीं वरिष्ठांपुढें ठेवला, आणि शिक्षणाचा खर्च म्हणून तो मंजूर करून घेतला.

वरिष्ठांचा एक आक्षेप मात्र मार्मिक होता. नवें प्रतिमान जुन्या दाव्यांवर तपासलें, तेव्हां तें पूर्वीच्यापेक्षां कमी गुण मिळवीत होतें. "तुम्हीं एवढे कष्ट घेऊन यंत्र अधिक मठ्ठ केलेंत काय?" असें त्यांनीं विचारलें. मला सांगावें लागलें, कीं ज्या उत्तरपत्रिकेशीं आपण ताडून पाहत आहों तीच चुकीची आहे. खरी उत्तरपत्रिका चिठ्ठ्यांतून हळूहळू तयार होईल, आणि तिला दोनतीन वर्षें लागतील. दोनतीन वर्षें थांबा, असें सांगणाऱ्या माणसाकडे कंपनींत ज्या नजरेनें पाहतात, ती मीं सहन केली. थोडी वाट त्यांनींहि पाहिली, हें मला कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

राहिलें तें पत्र. चौकशीस जाणाऱ्या प्रत्येक दाव्याबरोबर, दावेदाराच्या भाषेंत, कारण लिहून पाठवावें, ही सूचना मीं केली, आणि पुष्कळ चर्चेनंतर ती मान्य झाली. पहिलीं कारणें मीं स्वतः मराठींत लिहिलीं. "पॉलिसीस तीन वर्षें पूर्ण झालेलीं नसल्यामुळें कागदांची नेहमीची पडताळणी करीत आहों, यांत आपल्यावर कोणताहि आरोप नाहीं," एवढेंच वाक्य लिहिण्यास मला एक सकाळ लागली. गांवांत चार माणसांना दाखवितां येईल असें तें व्हावें, ही माझी खटपट होती. त्या बाईंना हें वाक्य वेळेवर मिळालें नाहीं. त्यांना मीं निराळें पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आलें नाहीं, आणि तें यावें अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारहि नव्हता.

आतां दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारीं, यंत्र जेथें चुकलें अशा दहा दाव्यांचे कागद मी मुळापासून शेवटपर्यंत वाचतों. माझ्या हाताखालील एक तरुण सहकारी गेल्या महिन्यांत नव्या प्रतिमानाचें काम संपवून आला आणि म्हणाला, "सर, उंबरठा किती ठेवूं?" मीं ते दहा दावे त्याच्यापुढें ठेवले आणि म्हणालों, "हे वाचून मग तूंच सांग." त्याला वाटलें, अर्ध्या तासाचें काम असेल. दिवे लागले, लोअर परळच्या रस्त्यावर घरीं जाणाऱ्यांची गर्दी झाली, तरी तो खालीं मान घालून वाचीतच होता. शेवटीं त्यानें एक आंकडा सांगितला. तो माझ्या मनांतल्या आंकड्यापेक्षां वर होता, आणि मला पटला. मीं तो कागदावर लिहिला, त्याखालीं दोघांचीं नांवें लिहिलीं, आणि तारीख घातली.

मुख्याध्यापकमहाशय, मी करतों तें काम हें. तो आंकडा बरोबर होता कीं नाहीं, हें पुढच्या वर्षींच्या चिठ्ठ्या सांगतील.